हत्तीखडकावरचा प्रश्न

"या आयतवारी मच्छिंदराचं वर्षश्राद्ध," चांगुणाबाई पाटी मांडीवर ठेवत म्हणाल्या, "आन् त्या दिवशी हत्तीखडकावर काय लिव्हलंय ते माझं मी वाचणार. कुणी आधी सांगायचं न्हाय. समद्यांनी यायचं."

वर्गातल्या बायकांनी माना डोलावल्या. फळ्यापाशी उभ्या असलेल्या वैजूच्या हातातला खडू मोडला. तिने खाली वाकून तुकडे उचलले आणि उचलता उचलता माझ्याकडे पाहिलं. गेले अकरा महिने तिने माझ्याकडे नीट पाहिलं नव्हतं. मला वाटायचं, भावाच्या दुःखात आहे पोरगी.

साक्षरतेचा हा वर्ग आमच्या देवळाच्या ओसरीत भरायचा, दुपारी दोन ते चार. देऊळ म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांचं चर्च. आमच्या भागात आम्ही देऊळच म्हणतो. शिकवायला वैजू, म्हणजे वैजयंता बोरुडे, चांगुणाबाईंची मुलगी. माळ्याच्या घरातली, तालुक्याच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला. शिकायला दहा-बारा बाया आणि मी एकटा पुरुष. मला लिहितावाचता यायला लागून दोन वर्षं झाली होती, पण मी वर्ग सोडला नव्हता. मागे बसून वर्तमानपत्र वाचायचो. कुठे अडलं तर वैजूला विचारायचो.

त्या दिवशी चार वाजता बाया उठल्या. चांगुणाबाई शेजारणीबरोबर पुढे गेल्या. मी चटया गुंडाळत होतो.

"मामा, थांबा," वैजू म्हणाली.

मी थांबलो.

"तो दगड रविवारच्या आत पुसा."

"कोणता?"

"मामा, तुमचं अक्षर मी ओळखत नाही का? मी गिरवून घेतलंय ते."

मी चटई खाली ठेवली.

आता थोडं मागचं सांगतो. मी शांतवन त्रिभुवन, रस्त्यावरचा मजूर. अठ्ठावीस वर्षं गँगमध्ये खडी टाकली, गटारी उपसल्या, मैलाचे दगड रंगवले. साहेब पत्र्याचा साचा द्यायचे, मी त्यावरून ब्रश फिरवायचो. गाव सात किलोमीटर की सतरा, मला पत्ता नसायचा. एकदा साचा उलटा धरला. आठवडाभर दगड तसाच उभा होता आणि मी रोज त्याला बघून खूश होत होतो. त्रेपन्नाव्या वर्षी, शास्त्र, म्हणजे बायबल, स्वतःच्या डोळ्यांनी वाचावं म्हणून, वर्गात जाऊन बसलो. वैजू तेव्हा बारावीत होती. "मामा, 'क'ला पोट काढा, उपाशी नका ठेवू," म्हणायची आणि आम्ही दोघंही हसायचो. सहा महिन्यांत मला वाचता आलं. देवळाच्या मंडळीने मला वडील नेमलं, म्हणजे पंचांपैकी एक.

अक्षर आलं तसं मला लिहिण्याची हुक्की आली. कुणाचं पाहून नाही, स्वतःच्या मनातलं. तालुक्याचा रस्ता माळावरून खाली उतरतो तिथे उतारावरच मोठं वळण आहे आणि वळणावर हत्तीएवढा काळा खडक. त्या वळणावर दरसाल एखादा अपघात ठरलेला. मला वाटलं, माणसाला मरणाची आठवण करून द्यायला याहून चांगली जागा नाही. पांढरा ऑइल पेंट घेतला आणि तीन ओळींत लिहिलं :

आज मेलास
तर कुठे
जाशील?

माझ्या आयुष्यातलं मी स्वतः रचलेलं पहिलं वाक्य. शेवटचा शब्द उतरत गेला, कारण खडक तिथे घसरता आहे. रविवारी उपासनेनंतर मंडळीतल्या जुन्या दाविद मास्तरांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. मी दोन दिवस जमिनीवर नव्हतो.

पुढच्या वर्षी त्याच वळणावर मच्छिंद्र बोरुडे गेला. वैजूचा धाकटा भाऊ, अठरा वर्षांचा. झेंडूच्या करंड्या घेऊन पहाटे मोटारसायकलवर बाजाराला चालला होता. खडीवरून चाक घसरलं. खडकाच्या पायथ्याशीच सापडला.

"तुम्हाला माहीत आहे," वैजू म्हणाली, "कॉलेजची बस तिथून जाते. आधी दगड दिसला की पोरं ओरडायची, 'ए, कुठे जाशील?' की मागून दुसरा, 'कँटीनला!' रोज. मीपण हसायचे. मला विचारायचे, 'तुझ्या गावचे ख्रिस्ती येडे आहेत का गं?' मी सांगायचे, 'अरे, तसे नाहीत. आमचे शांतवनमामा बघा, या वयात काना-मात्रा शिकतात, पाय दुखला तर मला त्यांच्या सायकलवरून घरी सोडतात.' भांडायचे मी तुमच्यासाठी."

"मला माहीत नव्हतं."

"आता ती बस त्या वळणावर आली की सगळे गप्प होतात. मी बसलेली असते म्हणून. कुणी खिडकीबाहेर बघत नाही. ते हसणं परवडलं असतं."

मी म्हणालो, "वैजू, मी ते मच्छूच्या आधी लिहिलं होतं. त्याच्यासाठी नाही."

"ते मी समजून घेतलं असतं." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "पण तो गेल्यावर महिन्याभराने तुम्ही त्याला परत रंग दिलात. ताजा. बसमधून मी बघितलं, तुम्ही डबा घेऊन उभे होतात."

ते खरं होतं. मच्छूच्या अपघातानंतर मला वाटलं होतं की दगडाचं म्हणणं खरं ठरलं, आता तरी लोक वाचतील. पावसाने अक्षरं फिकट झाली होती. मी हौसेने उजळवली होती.

"तुम्ही लोक आमच्याकडे बघता ना मामा, तेव्हा तुम्हाला माणूस दिसतच नाही. आम्ही आधीच अर्धे मेलेलो असतो. फक्त कुठे जाणार ते तुम्हाला ठरवायचं असतं." तिने ओढणीने तोंड पुसलं. "मी अक्षरं शिकवली ती याच्यासाठी का?"

मग तीच म्हणाली, "आईने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, दगडावर काय लिहिलंय. मी सांगितलं, 'पुढे वळण आहे, सावकाश जा' असं लिहिलंय. तेव्हापासून ती रोज म्हणते, कुणा भल्या माणसानं लिहिलंय, आपल्या पोरानं ऐकलं नाही. ते स्वतः वाचायचं म्हणून ती वर्गात आली. आता तिला जोडाक्षरंही येतात मामा. रविवारी ती तिथे उभी राहून वाचणार आणि पहिला शब्द वाचणार 'आज', दुसरा वाचणार 'मेलास'."

"मी पुसतो," मी म्हणालो.

"नुसतं पुसू नका. मी जे सांगितलंय ते लिहा. आणि आईला एक शब्द बोलायचा नाही. कधीच."

"नाही बोलणार."

"शपथ घ्या."

आम्ही ख्रिस्ती शपथ घेत नाही. मी म्हणालो, "शब्द देतो." तिने मान हलवली आणि ती गेली. मोडलेला खडू तिच्या मुठीतच होता.

घरी मार्थाला, माझ्या बायकोला, सांगितलं. ती लसूण सोलत होती.

"मी तेव्हाच म्हटलं होतं," ती म्हणाली.

"काय म्हटलं होतंस?"

"नव्या सुनेला नवी पैठणी मिळाली की ती विहिरीवरसुद्धा नेसून जाते. तुम्हाला अक्षर मिळालं." मग लसणाची पाकळी बाजूला ठेवून म्हणाली, "पुसा. पण दाविद मास्तरांना सांगून पुसा. चोरून नको."

दाविद मास्तर मंडळीतले सगळ्यांत मोठे. मिशनच्या शाळेत चाळीस वर्षं शिकवलेले, सफेद टोपी, हातात कायम छत्री. शुक्रवारी सकाळी त्यांच्या अंगणात गेलो. सलाम केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"नाही," ते म्हणाले.

"मास्तर, पोरीची आई..."

"शांतवन, तुझ्या आज्याला या गावच्या आडावर पाणी शेंदता येत नव्हतं. कुणीतरी वरून ओतील तेव्हा ओंजळ. तुझ्या बापाला रस्त्याने जाताना लोक 'बाटग्या' म्हणून हाक मारायचे, आणि तो वळून बघायचा, कारण दुसऱ्या नावाने कुणी हाक मारतच नव्हतं. आज भर रस्त्यावर आपल्यातल्या एकाने आपल्या हाताने लिहिलेलं वाक्य उभं आहे. सगळा तालुका वाचतो. ते तू पुसणार? गाव म्हणेल, ख्रिस्ती भ्यायले."

यात खोटं काहीच नव्हतं.

"मास्तर, ते वाचून कुणी देवाकडे आलं का हो आजवर?"

"बी पेरणारा रोज उकरून बघत नाही."

"पोरं हसतात."

"हसू देत."

"आता हसत नाहीत," मी म्हणालो. "ते जास्त वाईट आहे."

मास्तरांनी छत्रीचं टोक मातीत फिरवलं. "रविवारी उपासनेच्या वेळी तू तिथे जाणार?"

"वर्गातल्या सगळ्यांना बोलावलंय त्यांनी. नऊ वाजता."

"म्हणजे श्राद्धाला. उपासना सोडून. आणि पुसूनही टाकणार." ते उठले. "वडील म्हणून मंडळीने तुला नेमलं. मंडळीपुढे मी हे मांडणार. राग धरू नको."

"नाही धरणार."

शनिवारी सकाळी सायकलला डबे बांधले. तारेचा ब्रश, घासलेट, काळा पेंट, पांढरा पेंट. ऑइल पेंट दगडातून सहज निघत नाही, काळ्या पाषाणाच्या भोकाभोकांत तो जाऊन बसतो. 'आज' निघायला तास लागला. तीन तास घासलं. ट्रकवाले भोंगे वाजवत गेले. कॉलेजची बस आली. आत गप्प बसलेली पोरं काचेला तोंड लावून बघायला लागली. बस पुढे गेली, आणि मागच्या खिडकीतून कुणीतरी हात हलवला. वैजू असेल किंवा दुसरं कुणी. मला ओळखू आलं नाही.

उरलेल्या डागांवर काळा रंग दिला. दुपारी वाळल्यावर मोठ्या, सरळ, दोन ओळींत लिहिलं :

पुढे वळण आहे.
सावकाश जा.

रेषा ओढून, दोरी धरून लिहिलं. एक अक्षर वाकडं नाही. लांब जाऊन बघितलं आणि बरं वाटलं. काम झालं, वैजूची आई वाचेल, वैजू सुटेल, मीही सुटेन.

रविवारी देवळाची घंटा झाली तेव्हा मी उलट्या दिशेने चालत होतो. अठ्ठावीस वर्षं रस्त्यावर काढली, पण त्या दिवशी पाच फर्लांग चालायला जीव नकोसा झाला. मार्था मागून आली, डोक्यावर पदर, हातात देवळाची पिशवी.

"तू उपासनेला जा," मी म्हणालो.

"गाणी तिथे होतायत, माणसं इकडे चाललीत," ती म्हणाली. "चला."

खडकापाशी पंधरा-वीस माणसं होती. वर्गातल्या बाया, बोरुड्यांचे भाऊबंद, मच्छूचे दोन-तीन मित्र बाजूला हाताची घडी घालून उभे. चांगुणाबाईंनी पायथ्याशी पणती लावली, झेंडूची फुलं वाहिली, पदराने वारा अडवला. मग उठून त्या दहा पावलं मागे गेल्या. वैजू त्यांच्या बाजूला उभी राहिली.

"पु... ढे..." चांगुणाबाईंनी सुरुवात केली. बोट हवेत अक्षरावरून फिरत होतं. "व... ळ... ण. वळण. आ... हे. सा... व... काश. जा."

एका बाईने डोळ्याला पदर लावला. दुसरी म्हणाली, "वाचलं गं बाई!" वैजूने श्वास सोडलेला मला ऐकू आला.

चांगुणाबाई दगडाकडे बघत राहिल्या, मान तिरकी करून, विहिरीत पडलेल्या घागरीकडे बघावं तशा.

"वैजे," त्या म्हणाल्या, "ह्ये त्ये न्हाय."

"काय ते नाही आई?"

"लिव्हलेलं. अकरा महिने मी येष्टीतून जातायेता ह्यो दगूड बघत्ये. मला वाचता येत नव्हतं, दिसत तर होतं? तीन वळी होत्या. शेवटची अशी खाली वघळलेली. आन् तिच्या टोकाला विळा होता, विळ्याखाली ठिपका. त्यो विळा कुठाय?"

मी कपाळावर हात मारून घेतला नाही एवढंच. सगळ्यांत आधी हे मला सुचायला हवं होतं. ज्याला वाचता येत नाही तो अक्षर सोडून बाकी सगळं बघतो. मी अठ्ठावीस वर्षं तेच केलं होतं. दोन वर्षांत विसरलो.

"उन्हाने रंग गेला असेल आई," वैजू घाईने म्हणाली, "कुणीतरी परत काढलं असेल. शब्द तेच."

चांगुणाबाई माझ्याकडे वळल्या. "शांतवनभाऊ, तुम्ही काढलं न्हवं? मैलाचे दगूड तुम्हीच रंगवायचे." मी मान हलवली. त्यांचा चेहरा मऊ झाला. "मंजे आधीचंबी तुमचंच. मला ठावंच नव्हतं. अकरा महिने मी त्या माणसाला दुवा देत होते आन् तुम्ही माझ्या मागंच बसत होता. माझ्या लेकरानं न्हाय ऐकलं, त्याला तुम्ही काय करणार? दुसऱ्या कुणाचं तरी लेकरू ऐकल." आणि त्यांनी दोन्ही हात जोडले.

वैजू त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती. तिने मान अगदी थोडी हलवली. नको.

मी शब्द दिला होता. तो मोडणं पाप. आणि ते जोडलेले हात घेणं काय होतं?

"चांगुणाबाई, हात खाली घ्या," मी म्हणालो.

"मामा!" वैजू म्हणाली.

"वैजू, मी तुला दिलेला शब्द मोडतोय. त्याबद्दल तू मला काय बोलशील ते मी ऐकून घेईन." मग चांगुणाबाईंना म्हणालो, "बाई, हे मी काल लिहिलं. आधी इथे वेगळं होतं. 'आज मेलास तर कुठे जाशील?' ते मीच लिहिलं होतं. आणि मच्छिंद्र गेल्यावर त्याला नवा रंगही मीच दिला. तुमच्या मुलीने तुमच्यासाठी खोटं सांगितलं. तिची चूक नाही. तुमच्या लेकराला इथे कुणी सावकाश जा म्हटलं नव्हतं. त्याने ऐकलं नाही, असं काही झालेलं नाही."

एक दुधाची गाडी वळणावरून गेली आणि कॅनचा आवाज लांबपर्यंत येत राहिला. मच्छूच्या मित्रांपैकी एक पुढे झाला, "काय रे म्हाताऱ्या..." मार्था त्याच्या आणि माझ्या मधे येऊन उभी राहिली.

चांगुणाबाईंनी हात खाली घेतले होते. त्या पणतीकडे बघत होत्या.

"मग सांगा," त्या म्हणाल्या.

"काय, बाई?"

"इचारलं होतं न्हवं तुम्ही? समद्या तालुक्याला इचारलं. आता मी इचारते. कुठं गेला माझा मच्छिंदर?"

मी मंडळीचा वडील होतो. या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं हे मला पाठ होतं. रविवारी लोकांपुढे उभा राहून मी ते दिलंही होतं, आवाज चढवून. त्यातला एकही शब्द त्या बाईच्या तोंडाकडे बघून माझ्या तोंडून निघेना.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

"लिव्हताना म्हाईत होतं?"

"तेव्हा वाटत होतं, माहीत आहे."

मला एवढंच कळत होतं की आता इथून निघून गेलो तर पुन्हा या माणसांपुढे उभं राहता यायचं नाही. म्हणून जे मनात आलं ते बोललो. "बाई, तो रोज माझ्या दारावरून जायचा. मी त्याला एकदाही थांबवून बोललो नाही. कसा होता तो, सांगता का मला?"

वैजूने तोंड फिरवलं. मला वाटलं, आता चांगुणाबाई चालू लागतील. त्या खाली बसल्या, पणतीशेजारीच, रस्त्याच्या कडेच्या मातीत. म्हणून मीही बसलो.

"त्याला पालीचं भ्याव वाटायचं," त्या म्हणाल्या. "एवढा थोराड गडी. घरात पाल दिसली का वैजूला हाक मारायचा."

"मारायचा," वैजू तिकडे तोंड करूनच म्हणाली.

"फुलं तोडताना तोंडानं शिट्टी. मी म्हणायची, मेल्या, देवाला जायची हायत ती, उष्टावू नको. म्हणायचा, आई, देवालाबी गाणं लागतं." बायांमधून कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. "थांबू नगा," चांगुणाबाई म्हणाल्या, "त्याला हसल्यालं आवडायचं." मग माझ्याकडे बघून, "तुमच्या नाताळाला देवळाच्या कमानीला झेंडू कोण द्यायचं, ठावं हाय?"

"मार्था आणायची. बाजारातून."

मार्था म्हणाली, "बाजारातून नाही हो. तो दारात करंडी ठेवून जायचा. म्हणायचा, मावशी, तुमच्या देवाचा वाढदिवस, माझ्याकडून. मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा पाटीवर अक्षर काढत होतात."

त्या कमानीखालून मी दर नाताळाला गेलो होतो.

मग मित्र बोलायला लागले. तो मघाचा पोरगाही बोलला. मच्छूने मोटारसायकलला 'राणी' नाव ठेवलं होतं आणि चढावर तिला 'चल गं बाई, थोडंच राहिलं' म्हणायचा. वैजूला बी.ए. झाल्यावर शिक्षिकेची नोकरी लागेल, मग मी तिला रोज या राणीवरून शाळेत सोडणार, असं सगळ्यांना सांगत फिरायचा. हे वैजूला ठाऊक नव्हतं. ती येऊन आईला टेकून बसली. ऊन वर आलं, पणतीतलं तेल संपलं, तरी कुणी उठेना. मी मधे एक शब्दही बोललो नाही. वडील झाल्यापासून मी इतका वेळ गप्प बसलेला तो पहिलाच दिवस.

शेवटी भाऊबंदांपैकी कुणीतरी म्हणालं, "ब्राह्मण खोळंबलाय," तेव्हा सगळे उठले. चांगुणाबाईंनी माती झटकली.

"भाऊ, जेवायला या," त्या मला म्हणाल्या. "वैनीलाबी आणा."

मी मार्थाकडे बघितलं. आमच्यात श्राद्धाचं जेवत नाहीत. पितरांना नैवेद्य दाखवलेलं अन्न आम्ही घेत नाही, ही आमच्यात जुनी रीत. लहानपणी आई शेजारून आलेलं ताट पाया पडून परत पाठवायची आणि शेजारीण महिनाभर बोलायची नाही. आज सकाळी जे झालं त्यावर या बाईचं ताट परत पाठवायचं? आणि घ्यायचं तर कसं?

"येतो," मी म्हणालो. पुढचं पुढे.

बोरुड्यांच्या अंगणात पंगत बसली. मी टोकाला बसलो, मार्था बायांत. पानं मांडली गेली. माझ्यापुढे पान आलंच नाही. शेजारचा माणूस माझ्याकडे बघून नजर खाली घालू लागला. मला वाटलं, हेच योग्य आहे. बोलावलं आणि वाढलं नाही, हिशेब चुकता.

तेवढ्यात वैजू आतून आली. हातात झाकलेलं ताट. माझ्यापुढे ठेवलं, वरची थाळी काढली. दोन भाकरी, वांग्याचं भरीत, वाटीत डाळ, कांदा फोडलेला. पंगतीत होतं त्यातलं, पुरणाचं, खिरीचं, काही नव्हतं.

"निवद दाखवायच्या आधी काढून ठेवलंय," ती हळू म्हणाली. "आणि हे वेगळ्या चुलीवरचं आहे. पहाटेच केलं. मार्थामावशीचंही आत आहे."

"पहाटे?" मी म्हणालो. "पहाटे तुला काय माहीत होतं की मी..."

"पहाटे तुम्ही खोटं बोलणार होतात," ती म्हणाली. "तरी जेवायला तर लागलंच असतं."

ती पाणी आणायला वळली, दोन पावलं गेली आणि परत आली.

"शब्द मोडलात," ती म्हणाली.

"मोडला."

"त्याचं मी बोलणारे तुम्हाला. उद्या वर्गात. सगळ्यांसमोर."

"बोल."

"या मात्र."

पुढच्या आठवड्यात मंडळीने मला वडीलपणातून वर्षभर बाजूला ठेवलं. दाविद मास्तरांनी मांडलं, मी हात वर करून मान्य केलं. आता मी ऐंशी ओलांडली आहे. चांगुणाबाई गेल्या, मास्तर गेले, वैजू मुख्याध्यापिका झाली. रस्ता रुंद करताना तो खडकही फोडून नेला. या सगळ्यातलं मला रोज आठवतं असं नाही.

पण त्या दुपारची भाकरी आठवते. मी डोळे मिटून, नेहमीप्रमाणे, जेवणाआधीची प्रार्थना करायला मान खाली घातली. पंगतीत कुजबुज झाली. कुणीतरी तरुण आवाज म्हणाला, "काय करतायत?" आणि वैजू त्याला म्हणाली, "गप रे. जेवणाआधी आभार मानतात ते. थांब, त्यांचं होऊ दे, मग वाढ."

मी आमेन म्हणेपर्यंत सगळी पंगत थांबली होती.